आतून खरवडायची कोठी

गावाचं नाव लिहीत नाही. तसं मी तिथल्या एका बाईंना सांगून आले आहे. गोंदिया जिल्ह्यात, देवरीच्या पुढे, छत्तीसगडकडे जाणारा हायवे सोडून जंगलात शिरलं की एक टोला, म्हणजे लहानशी वस्ती, लागतो, एवढं पुरे.

निघतानाच मी दमलेली होते. पुण्यातल्या एका लहानशा संग्रहालयात मी नोकरी करते. तिथे एक नवं दालन होणार आहे, कलेच्या इतिहासाच्या पुस्तकांत ज्यांना पान मिळालं नाही अशा कलांचं. पश्चिम आफ्रिकेतल्या बायका पावसाळा सरला की पुन्हा रंगवतात त्या मातीच्या भिंती, ओडिशातली तांदळाच्या पिठाची भिंतचित्रं, यांचे फोटो विकत घ्यायचे ठरले आहेत. महाराष्ट्रातल्या वस्तू मात्र खऱ्या हव्यात, आणि त्या शोधायला मला पाठवतात. गेलं वर्षभर मी जिथे पोचते तिथे उशिरा पोचते. भिंतीवर चुना लागलेला असतो, मुखवटा विकलेला असतो, गोंदणाऱ्या बाई नुकत्याच गेलेल्या असतात. ‘मागच्या वर्षी यायला पाहिजे होतं,’ हे वाक्य मी इतक्या गावांत ऐकलं आहे की आता ते ऐकताना मान आपोआप हलते.

कॉलेजात आम्ही इटलीतल्या चर्चची छतं शिकलो. ती छतं मी पाहिलेली नाहीत, पण कुठल्या कोपऱ्यात कोण उभं आहे ते अजून सांगता येईल. माझ्या आजोळी धान्य कशात ठेवायचे, हे मात्र या प्रवासाआधी आईला फोन करून विचारावं लागलं. कणगीत, ती म्हणाली. बांबूची असायची.

इकडे असते ती कोठी. माती, तनस म्हणजे भाताचा पेंढा, आणि शेण कालवून बायका ती हाताने घरातच उभी करतात, भातासाठी. देवरीकडच्या एका शिक्षिकेने तिचा फोटो पाठवला होता. कोठी पुरुषभर उंच होती. अंगावर उठावाचे दोन मोर, खाली हात धरून उभ्या बायकांची रांग, तळाशी वळसे घेत गेलेला साप. सगळं एकाच मातकट रंगाचं. संग्रहालयातल्या आमच्या मॅडमनी तो फोटो मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. घर पाडायचं होतं, शेजारी स्लॅबचं नवं घर झालं होतं. कोठी दारातून निघणार नव्हती, पण भिंतच पडणार म्हटल्यावर तोही प्रश्न उरला नव्हता. घरच्या सुनेने, अनिताने, फोनवर सांगितलं, ‘घेऊन जा. आमी तशी बी फोडूनच राहिलो.’

गोंदिया

स्टेशनाबाहेर पोहे खाल्ले. गोंदियात मराठीत विचारलं की उत्तर हिंदीत येतं आणि हिंदीत विचारलं की माझी हिंदी ऐकून लोक मराठीत बोलतात. पोह्यांवर रस्सा ओतता ओतता हॉटेलवाले काका म्हणाले, ‘अकेले आये हो मॅडम?’

‘सर मागून येतायत,’ मी म्हणाले.

हे सर कुठेच नाहीत. पण ते गेली दोन वर्षं सगळीकडे माझ्या मागून येत आहेत. त्यांच्यामुळे पुढचे प्रश्न कमी होतात.

‘यहाँ देखने का क्या है? नवेगाव जाओ, टायगर देखो.’

‘मातीची कोठी पाहायची आहे.’

काकांनी माझ्याकडे, मग माझ्या बॅगेकडे पाहिलं. ‘मिट्टी की? हमारे बाजार में पत्रे की एक से एक है,’ ते म्हणाले, आणि दयेने की काय, आणखी थोडा रस्सा घातला.

टोला

पोचले तेव्हा मे महिन्यातली दुपार होती. तेंदूपत्त्याचा हंगाम चालू असल्याने अंगणाअंगणात हिरव्या पानांचे ढीग होते आणि बायका सावलीत बसून पुडे बांधत होत्या. अनिता नव्या घराच्या पायरीवरून धावत आली. वयाने माझ्याहून थोडी मोठी, ठेंगणी, हसरी. तिचा नवरा पुडे विकायला फडावर गेला होता. तिने माझ्या हातातली बॅग ओढूनच घेतली आणि मला सरळ जुन्या घरात नेलं.

‘पाहा मॅडम, कशी चमकवली!’

आधी वास आला. ऑइल पेंटचा. मग अंधाराला डोळे सरावले आणि कोठी दिसली. पोपटी. मोर निळे, त्यांचे तुरे सोनेरी. बायकांची रांग गुलाबी. साप लाल, वर पांढरे ठिपके. नव्या घराच्या दारांचा आणि ग्रिलचा उरलेला सगळा रंग तिच्यावर चढला होता. काही ठिकाणी तो अजून बोटाला लागत होता.

‘पुन्याचे लोकं येऊन राहिले म्हटलं, मातीची कोठी कशी दाखवाची? रातच्याले बसून केलं,’ अनिता म्हणाली.

मी ‘छान’ म्हणाले. तेवढंच निघालं.

‘छान!’ मागून कोणीतरी म्हणालं. दाराशी एक म्हातारी पाठ फिरवून पुडे बांधत बसली होती. अनिताची सासू, सगुणाबाई. ‘प्लास्टिक केलं तिनं कोठीचं. आता भिजते का थे?’

‘आत्या, पुन्हा सुरू नका करू,’ अनिता म्हणाली. सासूला ती आत्या म्हणते.

‘भिजवायची कशाला?’ मी विचारलं.

आता म्हातारी वळली. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘एकटीच आली?’

‘सर मागून...’

‘कोनी नाई मागं. पाह्यलं मी. बस हितं.’

मी बसले. तिने तीच गोष्ट दोनदा सांगितली, एकदा मला आणि एकदा, आवाज चढवून, सुनेला ऐकू जाईल अशी. त्यांच्या घरात कोठी जुनी झाली की टाकत नाहीत. तिची माती काढून भिजवतात आणि नव्या मातीत कालवतात. सगुणाबाईच्या सासूने ही कोठी केली तेव्हा तिच्या सासूच्या कोठीची माती घातली होती. त्या सासूनेही तसंच केलं असणार. दुधाला विरजण लावावं तशी ही माती चालत आली आहे. नुसत्या नव्या मातीची कोठी भेगाळते, असं त्या म्हणाल्या, आणि मग थोडं थांबून, ‘भेगा नाई पडल्या तरी थे आमची नाई होत.’

मी ऐकत होते आणि मॅडमच्या टिपणातल्या एका रकान्याचा विचार करत होते. वस्तूचा काळ. तिथे काय लिहायचं? ज्या कलेत प्रत्येक पिढीची वस्तू पुढच्या पिढीच्या वस्तूत विरघळवून टाकतात, तिचा इतिहास लिहायला जुनं काही उरतच नाही.

‘मग संग्रहालयाला द्यायची, हे तुम्हाला चालणार होतं?’ मी विचारलं.

‘मले कोनं इचारलं?’

अनिता रंगाचा रिकामा डबा उचलून बाहेर गेली.

फोनला रेंज मोहाच्या झाडाखालीच होती. मी फोटो पाठवला. मॅडमचा फोन लगेच आला. ‘अगं, हे काय? मूळ पृष्ठभागच गेला. हे नाही घेता येणार. तू निघ.’ त्या रागावल्या नव्हत्या, त्याही दमलेल्या होत्या. पण बस दुसऱ्या दिवशीच होती, आणि घर पाडायला जेसीबी परवा यायचा होता.

अनिताला सांगताना मी म्हणाले, कोठी फार मोठी आहे, ट्रकमध्ये नीट राहणार नाही.

‘रंगामुळं ना?’ ती म्हणाली.

मी मान डोलावली.

‘तुमी आंधी सांगाचं ना, रंग नको म्हणून.’ तिने पदराने हात पुसले. हाताला अजून निळा रंग होता. ‘मी काय कोनाचं वाईट कराले गेली होती?’

खरंच, फोनवर मी गाडी, भिंत, दोरखंड, सगळं बोलले होते. जशी आहे तशी राहू द्या, एवढं सांगायचं सुचलं नव्हतं. पाहुणा यायचा म्हणजे घर सारवायचं, हे मला कुठल्याच वर्गात शिकवलं नव्हतं.

त्या संध्याकाळी जेवायला भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि सुकवलेल्या झिंग्यांची चटणी होती. आमच्या घरी भात शेवटी येतो, दहीभाताएवढा. इथे तो सुरुवातीलाही येतो, मध्येही आणि शेवटीही. ‘पोळी पायजे का?’ अनिताने दोनदा विचारलं. मी नको म्हटलं की सासू-सून दोघीही एकमेकींकडे पाहायच्या. त्या दिवसात त्यांचं एकमत झालेली ती एकच गोष्ट असावी, की ही पोरगी काही खात नाही.

जेवताना भांडण पुन्हा निघालं. आता कोठीच्या जागेवरून.

‘नवी कोठी टाइल्सवर नाई,’ अनिता म्हणाली. ‘पत्र्याची आनली ना आता?’

‘पत्र्याच्या कोठीत भात उकडते. मंग कुठं करू? मायाच डोक्यावर?’

‘करा डोक्यावर. पन टाइल्सवर नाई.’

कोठीच्या आत

सकाळी उठले तेव्हा दोघी जंगलातून पानं तोडून परतही आल्या होत्या. सगुणाबाई चहाची कपबशी हातात घेऊन माझ्याकडे बघत होत्या. कालपेक्षा वेगळं बघत होत्या, शिंपी बघतो तसं.

‘तू मावशील,’ त्या म्हणाल्या.

‘कुठे?’

‘कोठीत.’

रंग आतून लागलेला नव्हता. आतली माती खरवडली तर भिजणार होती. मी विचारलं, त्यापेक्षा बाहेरून फोडून तुकडे वेगळे का करत नाहीत?

‘बाहेरून चोर फोडते,’ सगुणाबाई म्हणाल्या. ‘घरची बाई आतून खरवडते.’

‘मी मावत नाई, दोन लेकरं झाली,’ अनिता म्हणाली. ‘लेकरं बी मामाकडं गेली. आन् आत्याचे गुडघे...’

‘मायं नाव कायले घेतं? गुडघे चांगले आहेत माये.’

मी नाही म्हणू शकले असते. अनोळखी घरात मी पाणीसुद्धा मागत नाही. पण काल मॅडमशी बोलल्यापासून माझ्याकडे करायला काहीच नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी जेसीबी येणार हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मी त्या दिवशीची बस सोडली आणि ओढणी कमरेला बांधली.

कोठीचं तोंड वर असतं. अनिताने स्टूल धरलं आणि मी आधी पाय, मग कंबर, मग कसेबसे खांदे असं करत आत उतरले. रंगाचा डाग कुर्त्यावर उमटला, तो अजून गेलेला नाही. आत जुन्या भाताचा आणि कडुनिंबाच्या पाल्याचा वास होता. आणि गारवा होता. त्या सगळ्या प्रवासातली ती पहिली गार जागा. बाहेरचे आवाज लांब गेले. मला कोणी पाहत नव्हतं. गुडघे जवळ घेऊन मी थोडा वेळ तशीच बसले. बाहेर पडायची काही घाई वाटेना.

‘पोरी, जित्ती आहेस का?’

आवाज पायाजवळून आला. कोठीच्या तळाशी भात काढायला एक भोक असतं, त्यात चिंध्यांचा बोळा कोंबलेला असतो. सगुणाबाईंनी तो काढला होता आणि पलीकडे टोपली धरून बसल्या होत्या. मी खरवडायचं आणि माती तिथून बाहेर लोटायची. भात जसा निघायचा तशी.

अनिताने वरून खुरपं दिलं. मोबाइलचा टॉर्च लावून तो मी गळ्याशी खोचला. दर वर्षी आतून एक पातळ लेप द्यायचे, त्यामुळे मातीचे थर होते, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. खुरपं घातलं की ते सुटून पडत. भोकातून सगुणाबाईंचं बोलणं येत होतं. कोठी बांधताना सासू बाहेरून माती चढवते, मोर-बीर काढते. घरात नवी आलेली सून आत बसते आणि आतली बाजू बोटांनी गुळगुळीत करते. भिंत तिच्याभोवती रोज थोडी थोडी वर जाते. ही कोठी केली तेव्हा आत सगुणाबाई होत्या. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

‘भीती नाही वाटायची?’

‘कायची भीती? आत होती तवा कोनी काम सांगत नोतं.’

मी हसले. एकटीच, आत.

खांद्याच्या उंचीवरचा एक मोठा पापुद्रा अखंड सुटला. खाली ओल्या मातीत काढलेल्या रेघा होत्या. दोन गोल, त्यांच्यावर आडव्या दोन रेघा पुढे गेलेल्या, टोकाला एक काठी.

‘आत काहीतरी आहे,’ मी म्हणाले.

‘विंचू?’ अनिताने वरून डोकं घातलं.

‘नाही. गाडी.’

‘कोनती गाडी?’ भोकातून.

‘बैलगाडी. दोन चाकं आहेत, दांड्या आहेत, जू आहे. बैल नाहीत.’ मी बोट फिरवून पाहिलं. दोन्ही गोल अगदी सारखे होते. ‘चाकं बांगडीने उठवलेली आहेत.’

पलीकडे टोपलीचा आवाज थांबला.

‘आत्या,’ अनिता वरून म्हणाली, ‘गाडी कायले काढली वो?’

‘कोनं सांगतलं मी काढली? सासूनं काढली असंल.’

‘तुमची सासू आत मावत होती का? हत्तीसारखी होती म्हनता ना?’

मला त्या दोघींपैकी एकीचाही चेहरा दिसत नव्हता.

‘मायेरले जाले काढली,’ सगुणाबाई म्हणाल्या. ‘मंग?’

‘मंग बैल काऊन नाई?’ अनिताच्या आवाजातली चेष्टा गेली होती.

‘बैल काढाच्या आंधीच सासूनं हाक मारली. निंग म्हने आता, कोठीचं तोंड लहान कराचं आहे.’

दुसऱ्या दिवशी तिथे लेप चढला, मग भात भरला. त्यानंतर दर वर्षी लेप, दर वर्षी भात.

‘फोटो काढू?’ मी विचारलं.

‘कायले?’

उत्तरं माझ्याजवळ पुष्कळ होती. दालन, सूची, माझी दोन वर्षं. ‘मला हवा आहे म्हणून,’ मी म्हणाले.

‘काढ मंग. पन लावू नको कुठं. आन् काढला का खरवड. थे जुनी माती आहे, चांगली आहे.’

‘याच्याबद्दल लिहिलं तर चालेल?’

‘लिही. गावाचं नाव टाकू नको, रोज कोनी ना कोनी येऊन बसंल. घरी कामं आहेत.’

मी एक फोटो काढला. मग खुरपं हातात धरून थांबले. वर्षभर मी जिथे गेले तिथे वस्तू आधीच गेलेली होती. इथे ती माझ्यासमोर होती, पहिल्यांदाच वेळेवर सापडलेली, आणि ती मीच पुसायची होती. हात दुखत होते. भोकापलीकडे टोपली पुन्हा सरकल्याचा आवाज झाला. त्या वाट पाहत होत्या.

आधी जू गेलं. मग दांड्या. चाकं मी शेवटी खरवडली. माती भोकातून लोटली तेव्हा पलीकडून एक हात आला आणि ती ओंजळीने ओढून घेऊन गेला.

परत

मॅडमना अहवाल दिला. ‘वस्तूवर आधुनिक तैलरंग चढवल्याने संकलन झाले नाही,’ एवढी एक ओळ. फोटो दिला नाही, दालनात तो नसेल. त्या ओळीत जे आलं नाही ते सांगून थांबते.

ज्या दिवशी मी निघाले त्या सकाळी भिजलेली माती तुडवून तयार होती. जेसीबी अजून यायचा होता. पोपटी कोठी जुन्या घरात रिकामी उभी होती, मोर चकाकत होते, आणि तिच्याकडे आता कोणी पाहत नव्हतं. नव्या घरामागे पत्र्याच्या छपराची सपरी आहे. तिथे अनिताची स्कुटी ताडपत्रीखाली उभी असते. तिचं माहेर आमगावकडे. स्कुटी घेतली त्या वर्षी ती दोनदा जाऊन आली. यंदा घराचं बांधकाम, मग पानं. लेकरं मामाकडे गेली तीही मामाच येऊन घेऊन गेला.

ती स्कुटी अनिताने स्वतः ढकलत बाहेर काढली आणि भिंतीला टेकवली. ‘हितं करा,’ ती म्हणाली. ‘टाइल्सवर नाई.’

मोकळ्या झालेल्या जागेत सगुणाबाईंनी बूड थापलं आणि भोवती पहिली फेरी वीतभर वर आणली. अनिता आतल्या बाजूला वाकून बोटं फिरवत होती. मी बॅग खांद्याला लावून उभी होते.

‘मॅडम, पानी द्या इकडं,’ अनिता म्हणाली. मी तांब्या दिला. तिने हात धुतला, एक बांगडी काढली आणि आतल्या ओल्या मातीत दाबली. मग थोडं अंतर सोडून पुन्हा दाबली. नखाने वर एक बाक ओढला.

सगुणाबाईंनी डोकं घालून पाहिलं.

‘बैल कुठं आहेत?’

‘स्कुटी हाय आत्या. बैल लागत नाई.’

म्हातारी बघत राहिली. मला वाटलं, आता ती हात फिरवून पुसणार.

‘पेट्रोल?’ ती म्हणाली.

तिने बोट पाण्यात बुडवलं, दोन चाकांच्या मधोमध मातीत एक खोल टिंब दाबलं, आणि दुसरी फेरी घालायला गोळा उचलला.